नऊ प्रयोग आणि एक तक्ता: वेव्ह सोल्डरिंगवरच्या एका साचेबंद शोधनिबंधाची चिकित्सा

संशोधनाची तयारी करणारे बरेच वाचक विचारतात, "पेपर वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं? सारांश, निष्कर्ष वाचून होतात. मग पुढे?" याचं उत्तर नियमांच्या यादीत देण्यापेक्षा एखादा पेपर समोर ठेवून तो उलगडावा, हे बरं. आज मात्र एक पेपर घेत नाही, पेपरांचा एक अख्खा साचा घेतोय. 'वेव्ह सोल्डरिंग प्रक्रियेचं तागुची पद्धतीने इष्टतमीकरण' अशा धाटणीचं शीर्षक तुम्ही कुठेतरी पाहिलं असेल. यंत्र बदलतं, कधी वेल्डिंग असतं, कधी प्लॅस्टिक मोल्डिंग, पण साचा तोच. चार घटक, तीन पातळ्या, नऊ प्रयोग, एक आलेख, आणि शेवटी 'दोषांचं प्रमाण अमुक टक्क्यांनी घटलं'.

कोणत्याही एका लेखकाचं नाव घेत नाही, कारण दोष एका माणसाचा नाही. साचाच असा आहे की प्रामाणिक, मेहनती विद्यार्थीसुद्धा त्यात बसला की चुकीच्या जागी पोचतो. आणि इथे चुकणं फुकट जात नाही. त्या निष्कर्षावर कोणीतरी यंत्र चालवतं. त्या यंत्रातून निघालेलं बोर्ड कोणाच्या तरी वीजमीटरमध्ये किंवा दवाखान्यातल्या उपकरणात जाऊन बसतं.

आधी यंत्र समजून घेऊ

कल्हईवाला पाहिलाय का? तांब्या-पितळेचं भांडं तो भट्टीवर तापवतो, नवसागर टाकतो, कथील लावतो आणि कापसाच्या बोळ्याने झपकन पसरवतो. नवसागर नसेल तर कथील थेंबाथेंबाने घरंगळत राहतं, धातूला धरत नाही. कारण तांब्यावर ऑक्साइडचा पापुद्रा असतो. तो निघाला की वितळलेलं कथील तांब्याला 'ओलं' करतं. वेव्ह सोल्डरिंगमागचं रसायन हेच आहे. फरक इतकाच की इथे एका बोर्डावरचे शेकडो सांधे काही सेकंदांत करायचे असतात.

१९५० च्या दशकात ही पद्धत पुढे आली. वरून घटक बसवलेलं बोर्ड कन्व्हेयरवर चढतं. आधी खालून फ्लक्सचा फवारा, म्हणजे आपला नवसागर. मग प्रीहीटर, जिथे फ्लक्समधला द्रावक उडतो, फ्लक्स कामाला लागतो आणि बोर्ड तापतं. मग वितळलेल्या सोल्डरची लाट. पंप सोल्डर नोझलमधून वर ढकलतो आणि बोर्डाचा फक्त खालचा पृष्ठभाग त्या लाटेला घासत जातो. बऱ्याच यंत्रांत दोन लाटा असतात. पहिली खळाळती, अडचणीच्या कोपऱ्यांत शिरणारी. दुसरी संथ, जास्तीचं सोल्डर परत ओढून घेणारी. कन्व्हेयर साधारण ५ ते ७ अंश चढता असतो, म्हणजे बोर्ड लाटेतून बाहेर पडताना सोल्डर सोलून निघाल्यासारखं मागे जातं.

जुन्या कथील-शिसे सोल्डरचा (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे) वितळणबिंदू १८३ अंश सेल्सिअस. पॉट २५० च्या आसपास ठेवायचा, म्हणजे हाताशी ६५ ते ७० अंशांची सवड. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने आरओएचएस निर्देशाने बहुतेक उपकरणांतून शिसे बाद केलं आणि जगभरचे कारखाने शिसेविरहित मिश्रधातूंकडे वळले. कथील-चांदी-तांबे मिश्रधातू २१७ अंशांच्या आसपास वितळू लागतो, कथील-तांबे २२७ ला. पॉट मात्र फार वर नेता येत नाही, २६० ते २७० पर्यंतच. म्हणजे सवड राहिली ४० अंशांच्या आसपास. ही आक्रसलेली सवड लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तक्ता: ज्ञान आहे, पण चपटं

या क्षेत्रातला सगळ्यात जास्त वाचला जाणारा मजकूर म्हणजे 'दोष – कारण – उपाय' असा तीन रकान्यांचा तक्ता. फ्लक्स विकणारे तो देतात, यंत्र विकणारे देतात, लाइनवर लॅमिनेट करून टांगलेला असतो. आणि आपल्या साचेबंद पेपरमध्ये 'साहित्याचा आढावा' म्हणून बहुधा हाच तक्ता माशाच्या सांगाड्यासारख्या आकृतीत मांडलेला असतो.

तक्त्याला नावं ठेवण्याआधी त्याचं श्रेय देऊ. रात्रपाळीला लाइन थांबली असताना कोणी पृष्ठताणाचं समीकरण सोडवत बसत नाही. पुण्याजवळच्या एका कारखान्यात ऑपरेटरची वही मी चाळली होती. तारीख, बोर्डाचा नंबर, काय दोष आला, काय बदललं, फरक पडला का, एवढंच. तक्ते अशाच वह्यांतून तयार होतात. त्यात वर्षांचा अनुभव असतो.

पण आता 'शॉर्ट'ची ओळ वाचा. शॉर्ट म्हणजे शेजारच्या दोन पायांना सोल्डरने जोडून टाकणं. कारणांच्या रकान्यात सहसा काय असतं? फ्लक्स कमी. प्रीहीट कमी. प्रीहीट जास्त. कन्व्हेयर फार हळू. कन्व्हेयर फार जोरात. पॉटचं तापमान कमी. पाय फार लांब. बोर्डाची दिशा चुकीची. सोल्डर दूषित.

प्रीहीट कमीही आणि जास्तही! नवखा वाचक इथे गोंधळतो किंवा हसून सोडून देतो. दोन्ही करू नका. दोन विरुद्ध नोंदी एकाच दोषासमोर दिसल्या की समजायचं, मधे एक पायरी गाळली गेलीय. ती पायरी शोधणं हेच संशोधन.

इथली पायरी अशी. शॉर्ट होतो की नाही, हे बोर्ड लाटेत शिरताना ठरत नाही, बाहेर पडताना ठरतं. त्या क्षणी दोन पायांमधलं सोल्डर स्वच्छ, पातळ आणि वाहतं असेल तर लाट ते मागे ओढून घेते. त्यावर ऑक्साइडची साय धरली असेल तर ते तुटत नाही, दोन पायांना धरून बसतं. ती साय हटवायला तिथे, त्या क्षणी, जिवंत फ्लक्स हवा. फवारा कमी पडला तर फ्लक्स मुळातच नाही. प्रीहीट जास्त झालं तर तो आधीच जळून संपला. कन्व्हेयर फार हळू असेल तर लाटेतच खर्च झाला. उलट प्रीहीट कमी असेल तर द्रावक शिल्लक राहतो, बोर्ड थंड राहतं आणि सोल्डर निघताना आखडतं. तक्त्यातल्या सुट्या दिसणाऱ्या नोंदी आता दोन प्रश्नांत बसल्या: बाहेर पडताना फ्लक्स जिवंत आहे का, आणि सोल्डर पुरेसं गरम आहे का? पायांची लांबी आणि बोर्डाची दिशा हा तिसरा प्रश्न, भूमितीचा. आयसीच्या रांगेत शेवटच्या दोन पायांतच शॉर्ट येत असेल तर तो बहुधा याच तिसऱ्या खात्यातला. म्हणून तर रचनाकार तिथे जास्तीचं सोल्डर खेचून घेणारे रिकामे पॅड ठेवतात.

तक्त्याचा दुसरा दोष म्हणजे त्यावर तारीख नसते. एक उदाहरण देतो. बोर्डावरचं तांबं लाटेत थोडं थोडं विरघळतं आणि पॉटमध्ये साठतं. ते फार झालं की कथील-तांब्याचे सुईसारखे स्फटिक तयार होतात. जुना उपाय: पॉट थोडा थंड करा, स्फटिक वर येतील, झाऱ्याने काढा. कथील-शिशाच्या पॉटमध्ये हे चालायचं, कारण स्फटिकांची घनता ८.३ च्या आसपास आणि सोल्डरची ८.४. स्फटिक किंचित हलके, म्हणून तरंगायचे. शिसेविरहित सोल्डरची घनता ७.४. आता तेच स्फटिक जड ठरतात आणि बुडतात. पंपाखाली, नोझलच्या तळाशी. ज्याने हा उपाय जसाच्या तसा शिसेविरहित पॉटला लावला, तो वर झारा फिरवत राहील आणि गाळ खाली साचत राहील. उपाय पाठ होता, कारण माहीत नव्हतं, म्हणून धातू बदलला तसा उपाय कधी मेला ते कळलंच नाही.

आता अशा तक्त्यातून चार 'घटक' उचलून पेपर सुरू होतो. तिथे काय होतं ते बघू.

बटणं म्हणजे भौतिक राशी नव्हेत

साचेबंद पेपरमधले चार घटक जवळजवळ ठरलेले असतात: प्रीहीटरचं तापमान, कन्व्हेयरचा वेग, पॉटचं तापमान, फ्लक्सचं प्रमाण. ही यंत्रावरची बटणं आहेत. बोर्डाला बटणं माहीत नसतात. बोर्डाला कळतं ते एवढंच: माझा वरचा पृष्ठभाग किती तापला, लाटेला मी किती सेकंद टेकलो, माझ्यावर फ्लक्स किती बसला.

गणित करून पाहू. लाटेशी बोर्डाचा संपर्क ५ सेंटिमीटर लांबीचा आहे असं धरा. वेग मिनिटाला १.२ मीटर, म्हणजे सेकंदाला २ सेंटिमीटर. संपर्काचा वेळ २.५ सेकंद. वेग १.५ मीटर केला तर २ सेकंद. ०.९ केला तर साधारण ३.३ सेकंद. ठीक. पण वेग बदलला तेव्हा प्रीहीटरखालून जायचा वेळही त्याच प्रमाणात बदलला. म्हणजे एक बटण फिरवलं आणि दोन भौतिक राशी हलल्या. पेपर म्हणतो, 'कन्व्हेयरचा वेग हा सर्वांत प्रभावी घटक आहे'. बरं, पण कशामुळे? संपर्काचा वेळ वाढला म्हणून की बोर्ड जास्त तापलं म्हणून? हे त्या विदेतून कळूच शकत नाही.

नुकसान इथे होतं. दुसऱ्या कारखान्यातल्या यंत्राचा प्रीहीटर दीडपट लांब असेल, लाट ५ ऐवजी ७ सेंटिमीटर रुंद असेल, तर 'वेग १.२ ठेवा' या शिफारशीला काही अर्थ उरत नाही. 'संपर्क अडीच सेकंद आणि बोर्डाचा वरचा पृष्ठभाग ११० अंश' असं लिहिलं असतं तर ती शिफारस यंत्राबाहेर प्रवास करू शकली असती. आणि हे मोजायला काही महागडं लागत नाही. बोर्डावर दोन-तीन थर्मोकपल चिकटवून ते यंत्रातून सोडायचं. चौकटी आखलेली उष्णतारोधक काच लाटेवरून न्यायची आणि किती चौकटी ओल्या होतात ते पाहायचं. बरेच कारखाने रोज सकाळी हे करतात. मग पेपरात ते का नसतं? कारण साच्यात त्याला रकाना नाही.

तुमच्या विषयातही हाच प्रश्न विचारा. मी बदलतोय ते माझ्या उपकरणाचं बटण आहे की माझ्या नमुन्याला जाणवणारी राशी? भट्टीच्या पडद्यावरचं तापमान की नमुन्याचं? ढवळण्याची गती की द्रवातला कातरताण?

नऊ प्रयोगांत काय मावतं?

आता रचनेकडे येऊ. चार घटक, प्रत्येकी तीन पातळ्या. सगळी जुळणी केली तर ३ × ३ × ३ × ३ = ८१ प्रयोग. तागुचीचा एल-९ आराखडा हे काम ९ प्रयोगांत करतो. विद्यार्थ्याला हे जादूसारखं वाटतं. पण जादूचा हिशोब असतो.

नऊ निरीक्षणांतून एकूण आठ स्वातंत्र्यांश मिळतात. तीन पातळ्यांचा प्रत्येक घटक दोन खातो. चार घटकांचे झाले आठ. शिल्लक शून्य. म्हणजे त्रुटीचा अंदाज घ्यायला काहीच उरलं नाही आणि घटकांमधल्या परस्परक्रियेलाही जागा नाही. इतकंच नाही. एल-९ मध्ये पहिल्या दोन रकान्यांची परस्परक्रिया तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात जाऊन मिसळते. समजा पहिल्या रकान्यात प्रीहीट आणि दुसऱ्यात फ्लक्स ठेवला. आपण वर पाहिलंच की या दोघांचं नातं घट्ट आहे. फ्लक्स भरपूर असेल तर जास्त प्रीहीट सोसतं, कमी असेल तर तेवढ्याच प्रीहीटने तो संपतो. हे नातं आता वेग आणि पॉट-तापमानाच्या रकान्यांत शिरलं. पेपर म्हणेल पॉटचं तापमान महत्त्वाचं. कदाचित ते प्रीहीट आणि फ्लक्सचं भांडण असेल!

परस्परक्रिया नाहीत असं गृहीत धरता येतं, पण ते गृहीत आहे हे लिहायला हवं आणि त्याला भौतिक आधार हवा. इथे तर ज्ञात भौतिकशास्त्र उलट बाजूने साक्ष देतं.

मग एफ-चाचणी येते कुठून? काही पेपरांत सगळ्यात कमी प्रभाव दिसलेला घटक उचलून त्यालाच 'त्रुटी' ठरवतात. जो सगळ्यात लहान म्हणून निवडला त्याच्याशी तुलना केली तर बाकीचे मोठे दिसणारच. काही पेपरांत प्रत्येक प्रयोगात दहा बोर्डं सोडून त्या दहांच्या फरकाला त्रुटी म्हणतात. पण यंत्र एकदाच लावलंय. ही दहा बोर्डं म्हणजे एकाच प्रयोगाची दहा मापं, दहा प्रयोग नव्हेत.

यातच एक व्यावहारिक अडचण दडलीय, जिच्याबद्दल पेपर गप्प असतात. पॉटमध्ये शेकडो किलो सोल्डर असतं. त्याचं तापमान दर अर्ध्या तासाला खालीवर करता येत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात सगळे २५५ चे प्रयोग आधी उरकतात, मग २६० चे, मग २६५ चे. यादृच्छिक क्रम कागदावरच राहतो. दरम्यान दिवस सरकतो, मळी वाढते, नोझल चोंदतं, आणि तो सगळा परिणाम पॉट-तापमानाच्या नावावर जमा होतो. कृषी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला याचं उत्तर पाठ असतं. पाणी अख्ख्या वाफ्याला द्यावं लागतं, वाण मात्र छोट्या तुकड्यांत बदलता येतं, म्हणून तो स्प्लिट-प्लॉट रचना घेतो आणि दोन वेगळ्या त्रुटी काढतो. इथे पॉट म्हणजे अख्खा वाफा आणि वेग, फ्लक्स म्हणजे छोटे तुकडे. उपाय शेजारच्या विभागात तयार आहे, फक्त जाऊन विचारलेलं नाही.

मोजलं काय आणि सुटलं काय

पेपराचा शेवट टक्क्यांत होतो. काल्पनिक आकडे घेऊ. १०० बोर्डं, प्रत्येकावर ३०० सांधे, एकूण ३०,००० सांधे. आधी १२ दोष, म्हणजे दहा लाखांत ४००. नंतर ६ दोष, म्हणजे दहा लाखांत २००. 'दोष ५० टक्क्यांनी घटले!' सारांशात हेच वाक्य येणार.

पण दुर्मीळ घटनांची मोजणी स्वतःच हलते. प्रक्रियेत काहीही बदल झाला नसेल आणि एकूण १८ दोष दोन गटांत नाणेफेकीने वाटले गेले असतील, तरी १२–६ किंवा त्याहून विषम वाटणी, कोणत्याही बाजूने, १०० पैकी साधारण २४ वेळा दिसेल. चारातून एकदा! हे दहा लाखांच्या भाषेत लिहिलं की झाकलं जातं. ४०० आणि २०० हे आकडे भक्कम दिसतात, १२ आणि ६ तसे दिसत नाहीत. म्हणून मूळ मोजणी दिली नसेल तर तो पेपर बाजूला ठेवा. शिवाय दोष एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एकाच कनेक्टरवर पाच शॉर्ट एकदम येतात. मग पुरावा आणखी पातळ होतो.

तागुचीचं सिग्नल-टू-नॉइज गुणोत्तरही इथे बसत नाही. 'जितकं कमी तितकं चांगलं' या सूत्रात मोजण्यांच्या वर्गांची सरासरी घेऊन तिचा लॉग काढतात. त्यात सरासरी आणि विखुरणं एकत्र कालवलं जातं. जॉर्ज बॉक्स यांनी १९८८ मध्ये 'टेक्नोमेट्रिक्स'मध्ये या गुणोत्तरांची सविस्तर चिकित्सा केली आहे, ती जरूर वाचा. आणि एखाद्या प्रयोगात एकही दोष आला नाही तर? शून्याचा लॉग नसतो. सगळ्यात उत्तम निकालालाच सूत्र अडखळतं. मोजणीसाठी प्वासाँ प्रतिमान असताना हा हट्ट का, याचं उत्तर साच्यात शोधावं लागतं.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. दोष मोजले म्हणजे डोळ्यांना दिसले ते मोजले. आणि कुठे मोजले? लाटेनंतर लगेच की टच-अपच्या टेबलानंतर? त्या टेबलांवर बसलेल्या कामगार हातातल्या सोल्डरिंग आयर्नने दिवसभर सांधे दुरुस्त करत असतात. त्यांच्यानंतर मोजलं तर तुम्ही यंत्र मोजलंच नाही, त्यांचं कौशल्य मोजलं.

समजा लाटेनंतर लगेच मोजलं. छिद्रात सोल्डर वरपर्यंत चढलं का, हा एक नेहमीचा निकष. आयपीसी-ए-६१० या मानकात दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाच्या उत्पादनांसाठी सर्वसाधारणपणे ७५ टक्के भरण लागते. इष्टतमीकरण काय सांगेल? पॉट तापवा, संपर्क वाढवा. भरण सुधारते, दोष घटतात, आलेख सुंदर येतो. पण तेच गरम, कथीलबहुल सोल्डर छिद्राच्या कडेचं तांबं विरघळवत असतं. छिद्राच्या भिंतीवरचा तांब्याचा थर आणि वरचा पॅड जिथे मिळतात तो कोपरा सगळ्यात आधी झिजतो. बाहेरून काहीच दिसत नाही, वर चकचकीत सोल्डर असतं. बोर्ड कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळत नाही. टच-अपची आणखी एक उष्णता मिळाली की उरलंसुरलं तांबंही जातं.

म्हणजे मोजमापात जे नव्हतं, त्याच्या जिवावर मोजमापातलं सुधारलं. शिशाच्या काळात सवड मोठी होती, शिवाय ते सोल्डर तांबं खायचंही कमी. आता सवड आक्रसलीय आणि चूक महाग झालीय. असा पेपर नुसता अपुरा नसतो. तो एखाद्या लाइनला चुकीच्या दिशेने ढकलतो, आणि सोबत 'प्रकाशित संशोधन' असा शिक्काही देतो.

मग चांगलं काम कसं दिसतं?

नुसती टीका करून थांबणं बरं नाही. याच क्षेत्रातलं एक उदाहरण बघा. सोल्डरच्या सांध्यात भोकं पडणं, ब्लोहोल, हा जुना त्रास. तक्ता सांगायचा: बोर्ड दमट आहे, भाजून घ्या, प्रीहीट वाढवा. भाजलं की त्रास कमी व्हायचा, बोर्ड ठेवून दिलं की परत यायचा. १९८० च्या दशकात ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत कॉलिन ली आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला. 'कोणत्या सेटिंगला भोकं कमी पडतात' असं न विचारता त्यांनी विचारलं, 'वायू येतो कुठून आणि बाहेर पडतो कुठून?'

उत्तर असं की लॅमिनेटमध्ये ओलावा जवळजवळ नेहमीच असतो. छिद्रातला तांब्याचा थर सलग आणि पुरेसा जाड, साधारण २५ मायक्रोमीटर, असेल तर वाफ छिद्रात येऊ शकत नाही. थर पातळ असेल किंवा ड्रिलिंग खडबडीत झाल्याने त्यात फटी राहिल्या असतील, तर वाफ तिथून सोल्डरमध्ये घुसते. तपासायची रीतही साधी आहे. छिद्रात तेलाचा थेंब टाका, पॅड तापवा आणि बुडबुडे कुठून निघतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

याचा परिणाम बघा. दोष सोल्डरिंग यंत्रावर दिसत होता, पण जन्मला होता बोर्ड बनवणाऱ्याकडे. यंत्राच्या चार बटणांवर एल-९ किंवा अगदी ८१ प्रयोग केले असते तरी हे सापडलं नसतं, कारण खरा घटक त्या चारांत नव्हताच. इष्टतमीकरण फक्त तुम्ही आखलेल्या अंगणात शोधतं, आणि हरवलेली वस्तू बऱ्याचदा कुंपणाबाहेर असते.

साच्याची बाजू

न्यायाने सांगायचं तर कारखान्यात एल-९ वापरणं चूक नाही. आठवडाभरात लाइन सुरू करायची आहे, जवळपास बरं सेटिंग हवंय, तर नऊ प्रयोग हा शहाणा मार्ग आहे. 'काहीतरी फिरवून बघू' यापेक्षा तो कितीतरी शिस्तीचा. तागुचींनी कारखान्यांना प्रयोग करायला शिकवलं, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. माझा आक्षेप आहे तो 'चालेल असं सेटिंग सापडलं' हे 'कारण कळलं' म्हणून छापण्याला. पहिलं अभियांत्रिकीचं काम आहे, सन्मानाचं काम आहे. दुसरं संशोधन आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

तुमच्यातले काही जण पदव्युत्तर प्रकल्पासाठी नेमका असाच विषय घेतील, कारण जवळच्या कारखान्यात प्रवेश मिळतो आणि यंत्र आयतं असतं. घ्या, विषय वाईट नाही. फक्त वाचताना आणि लिहिताना हे पाच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर ठेवा:

१. बदललेला घटक बटण आहे की राशी? राशी प्रत्यक्ष मोजली का?

२. स्वातंत्र्यांशांचा हिशोब लावला का? त्रुटीचा अंदाज कुठून आला?

३. प्रयोगांचा खरा क्रम काय होता? कोणता घटक बदलायला जड होता?

४. मूळ मोजणी दिली आहे का, की फक्त टक्के?

५. जे मोजलं ते सुधारताना न मोजलेलं काय बिघडू शकतं? एक तरी नमुना कापून पाहिला का?

पाचवा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, कारण त्याचं उत्तर पेपरात नसतं. ते यंत्र आणि पदार्थ ओळखणाऱ्या माणसाकडे असतं. म्हणून पेपर वाचून झाला की एकदा लाइनवर जा, ऑपरेटरची वही मागून वाचा आणि टच-अपच्या टेबलावर विचारा, "ताई, कुठल्या सांध्याला रोज हात लावावा लागतो?" चार घटक कुठले घ्यायचे, हे त्यानंतर ठरवा.